दर तिसऱ्या ठोक्याला

९ फेब्रुवारी

मामा,

पत्र उभ्याने फोडलं असशील तर आधी बस. वाईट बातमी नाही. कंबरेचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पाकिटातून पेन ड्राइव्ह कोण पाठवतं, असं तू म्हणशील. तुझ्या डोंगरावर फोनला रेंज असती तर फोनवर सांगितलं असतं. पण खरं सांगू? फोनवर मला हे बोलता आलंच नसतं. तू हसला असतास आणि मी विषय बदलला असता.

मी गाणी बनवायला शिकतेय. गळ्याने म्हणायची नाहीत, लॅपटॉपवर बनवतात ती. ज्यांच्यावर तरुण मुलं घामाघूम होईपर्यंत नाचतात ती. अडतिसाव्या वर्षी. हसून घे.

जानेवारीपासून रोज कामावरून आले की दोन तास बसते. पडद्यावर बारीक बारीक चौकोन असतात. एका चौकोनावर टिचकी मारली की तिथे ठोका पडतो. चार ठोक्यांची एक चौकट, तशा चौकटी एकापुढे एक लावत जायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी मी अख्खी संध्याकाळ टिचक्या मारत बसले आणि आवाजच येईना. शेवटी कळलं, हेडफोनची वायर खोचलेलीच नव्हती. व्हिडिओतला शिकवणारा सारखा म्हणतो, "बिनधास्त दाबा, काही मोडत नाही." त्याचं काय जातं! मला प्रत्येक बटण दाबताना वाटतं की आता काहीतरी कायमचं पुसलं जाईल.

आमच्या गल्लीच्या टोकाला सभागृह आहे. तिथे तीस मार्चला फक्त नवशिक्यांसाठी संध्याकाळ ठेवली आहे. प्रत्येकाला पाच मिनिटं. मी नाव दिलं आणि घरी येऊन दार लावून बसले. नाव खोडायला दोनदा गेले, दोनदा परत आले. तुला सोडून कोणालाही सांगितलेलं नाही.

ऐक आणि खरं काय ते कळव. तो खालचा भरदार ठोका आहे ना, तो मी स्वतः बनवलाय.

तुझी भिंगरी


१७ फेब्रुवारी

भिंगरे,

गाणं तीनदा ऐकलं. पहिल्यांदा वाटलं पेन ड्राइव्ह बिघडलाय. दुसऱ्यांदा वाटलं माझे कान बिघडलेत. तिसऱ्यांदा तुझी मामेबहीण शाळेत शिकवून घरी आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुमचा पाय हलतोय. ऑपरेशनवाला." डॉक्टर महिनाभर हलवा हलवा म्हणत होते, तो तुझ्या गाण्याने हलला. ही माझी पावती समज.

आता चोरीचं बोलू. तो ठोका तू बनवलेला नाहीस. एकोणीस वर्षं त्या इस्पितळाच्या लाँड्रीत फिटर होतो मी. तुला तिथे चिकटवलं तेही मीच. तीन नंबरच्या मशीनचा आवाज मला ओळखू येणार नाही? ड्रमला आतून तीन पट्ट्या असतात. ड्रम एकदा फिरला की त्या पट्ट्या ओल्या चादरी तीनदा वर उचलतात आणि तीनदा धप्पकन खाली टाकतात. मिनिटाला चाळीस फेऱ्या, म्हणजे एकशेवीस धपके. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने हा आवाज नाही म्हणून मला दुपारची झोप येत नव्हती. आणि तू तो पाकिटात घालून पाठवलास!

पण भिंगरे, आत फोन न्यायला बंदी आहे, रेकॉर्डरलाही. दारावरची पाटी मीच ठोकली होती. सापडलीस तर नोकरी जाईल. घाबरू नकोस हे तुला सांगण्यात अर्थ नाही, लहानपणी तू स्वतःच्या शिंकेलाही दचकायचीस. तेव्हा घाबरच, आणि जपून राहा.

सभागृहातलं नाव खोडू नकोस.

मामा


२ मार्च

मामा,

पत्र वाचून कान लाल झाले. हो, तीन नंबरच आहे. बोटाएवढा रेकॉर्डर मिळतो, तो एप्रनच्या आतल्या खिशात ठेवते. सुपरवायझर शेजारून गेला की तो खिसा छातीला चटका देतो. तरी नेते. लॅपटॉपमधले तयार ठोके सगळे प्लास्टिकचे वाटतात. आणि गंमत बघ, या गाण्यांचा वेगही मिनिटाला एकशेवीसच धरतात. पहिल्यांदा आपल्या चादरींचा आवाज त्या चौकोनांवर ठेवला तर तो बरोब्बर बसला! मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरले.

यावेळी तीन तुकडे पाठवतेय: जानेवारीचा, फेब्रुवारीच्या सुरुवातीचा आणि परवाचा. परवाच्या तुकड्यात एक नवी गोष्ट सापडली आहे. धपक्यांच्या मध्ये एक कोरडा 'टक' येतो. बरोबर दर तिसऱ्या ठोक्याला. माझी चौकट चार ठोक्यांची, आणि हा तिसऱ्याला येणारा. त्यामुळे तो एका जागी बसतच नाही. आधी पहिल्या ठोक्यावर येतो, पुढे चौथ्यावर, मग तिसऱ्यावर, मग दुसऱ्यावर. कोणीतरी मागून पावलं टाकत येतंय असं वाटतं. ऐकताना माझ्याच अंगावर काटा येतो. शिकवणारा म्हणतो, ऐकणाऱ्याला पुढे काय होणार याची धास्ती वाटली की तो नाचायचा थांबत नाही. तेव्हा तो टक मी जरा मोठा करून ठेवलाय.

तुकड्यात मागे कोणीतरी शिट्टी वाजवतंय ना, ती माझी जोडीदार. सगळे तिला शिट्टीच म्हणतात. एक आठवडा ती तीन नंबरवर आणि मी घडीच्या टेबलावर, पुढच्या आठवड्याला उलट. तिला अजून काही माहीत नाही. माहीत झालं तर ती भर लाँड्रीत नाचून दाखवेल आणि मी तिथेच जीव सोडेन.

आता सांग, टक कसा वाटला?

भिंगरी


९ मार्च

भिंगरे,

गाणं बाजूला ठेव आणि हे नीट वाच.

तो टक चादरींचा नाही. चादरी एका फेरीत तीनदा पडतात, टक एकदाच होतो. म्हणजे ड्रमबरोबर फिरणारं काहीतरी बोलतंय. ड्रम मागच्या बाजूने एका तीन हातांच्या लोखंडी पंजावर धरलेला असतो. त्यातला एक हात तडकला की तो असाच बोलतो. जानेवारीच्या तुकड्यात टक नाही. दुसऱ्यात आहे, बारीक, तुला कळलाही नसेल. तिसऱ्यात मला कंबरेपर्यंत कळ गेली.

धुताना काही होणार नाही. पण पिळायला लागल्यावर तोच ड्रम मिनिटाला सातशे फेऱ्या घेतो. तेव्हा तो हात सुटला तर पुढचं दार त्याला अडवू शकणार नाही. दारासमोर उभी राहू नकोस, तू नाही आणि दुसरंही कोणी नाही. सुपरवायझरला सांग, मशीन बंद करून मागचं झाकण उघडायला लाव. आवाज जास्त झाला की मशीन आपोआप बंद पडेल, या भरवशावर राहू नकोस. ते बंद पडणार नाही.

पत्र पोचायला सहा दिवस लागतील. मला बसस्टॉपपर्यंतही चालवत नाही, आणि मुलगी प्रशिक्षणाला गेलीय. पोस्टमनला तुझा नंबर लिहून दिलाय. खाली बाजारात पोचला की तो तुला फोन करेल. नाहीच लागला तर निरोप पाठवेल.

मामा


१२ मार्च

मामा,

तुझं उत्तर अजून आलं नाही आणि मला थांबवत नाही. कोणाला तरी सांगितलं नाही तर माझी छाती फुटेल.

परवा कामावरून सुटून फोन हातात घेतला तर एकाच अनोळखी नंबरचे तीन फोन येऊन गेले होते. तुला माहीत आहे, अनोळखी नंबर मी उचलत नाही. त्याखाली निरोप होता: "तीन नंबरपासून लांब राहा. समजून घे." बस, एवढंच. नाव नाही, गाव नाही.

मी तिथेच फुटपाथवर बसले. कोणाला तरी कळलंय, मामा. रेकॉर्डरचं कळलंय. सरळ तक्रार न करता अशी धमकी देणारा माणूस कोण असेल? सुपरवायझरचा नंबर माझ्याकडे आहे, हा त्याचा नाही. पण त्याने दुसऱ्याच्या फोनवरून पाठवला असला तर? काल तो माझ्या एप्रनकडे बघत होता. बघत होता की मला तसं वाटलं, कोण जाणे. उलटून फोन करायची हिंमत नाही. रेकॉर्डर डब्यात घालून माळ्यावर टाकलाय. जिन्यावर कोणी पाय वाजवला तरी उठून कडी तपासते.

एक मात्र केलं. हा आठवडा माझा तीन नंबरवर होता. शिट्टीला म्हटलं, माझे पाय दुखतायत, तू घेशील का? ती लगेच म्हणाली, "घेते की. घडी घालून घालून माझीच घडी झाली होती." आता मी टेबलावर आहे, दारापासून चांगली चाळीस पावलं लांब. ज्या कोणाला मी लांब राहायला हवी आहे त्याने बघावं, राहिले लांब.

सभागृहातलं नाव आज खोडून आले.

भिंगरी


१७ मार्च

अगं, तो निरोप माझा होता! पोस्टमनने शब्द वाचवले. मी त्याला सांगितलेलं पानभर होतं.

तुझं बाराचं पत्र आत्ता मिळालं. माझं नऊचं तुला परवाच मिळालं असायला हवं. शिट्टीला तिथून हलव. पोस्टमन दारातच थांबलाय, त्याच्या हातात हे देतो. आज त्याला तुझा नंबर नाही, थेट लाँड्रीचा नंबर दिलाय.

मामा


१९ मार्च

मामा,

लाँड्रीत फोन आला होता म्हणतात. तोवर आमच्याकडे उचलायला कोणी राहिलं नव्हतं.

सगळं सांगते, आणि माझी बाजू सावरून सांगत नाही.

तुझं नऊचं पत्र मला पंधराला संध्याकाळी मिळालं. दारात उभ्यानेच वाचलं. शिट्टीला तेव्हाच फोन करायला हवा होता. फोन काढलाही. पण तिला सांगायचं म्हणजे रेकॉर्डरपासून सांगावं लागलं असतं. मी स्वतःची समजूत घातली की सकाळी मशीन लागायच्या आधी सुपरवायझरला गाठू.

सकाळी गाठलं. म्हटलं, तीन नंबरमधून आवाज येतोय, मागचं झाकण उघडा. तो म्हणाला, "तुला कधीपासून मशीनमधलं कळायला लागलं?" मी म्हटलं, माझा मामा फिटर होता. तो म्हणाला, "फिटर गुरुवारी येणार आहे. वॉर्डांमध्ये चादरी नाहीत, बाई. जा, घड्या घाला." आणि मी गेले, मामा. टेबलावर जाऊन घड्या घालायला लागले.

धुणं संपलं. पाणी गेलं. पिळणी सुरू झाली. वेगात तो टक वेगळा ऐकू येत नाही, त्याची घरघर होते. घरघर चढत गेली. आजूबाजूला बाया बोलत होत्या, कोणी मान वर केली नाही. माझ्या कानात दोन महिने तोच आवाज होता, म्हणून मला एकटीला कळलं की हा रोजचा नाही. मी लाल बटणाकडे निघाले. चाळीस पावलं. मी पळाले नाही, मामा. चालत गेले. उगीच पळताना कोणी बघितलं तर काय म्हणतील, हे माझ्या डोक्यात होतं. शेवटची दहा पावलं तेवढी पळाले.

बटण दाबलं. सातशे फेऱ्यांवरचा ड्रम काही लगेच थांबत नाही. मी ओरडले, "बाजूला हो!" शिट्टीला वाटलं दारच नीट लागलं नाही, म्हणून ती बाजूला व्हायची सोडून दाराकडेच वळली. मी तिचा एप्रन मागून धरला आणि ओढला. आम्ही दोघी पडतच होतो तेवढ्यात तो फुटला. आवाज आठवत नाही. फक्त ओल्या चादरी हवेत होत्या आणि दार आमच्या अंगावरून समोरच्या भिंतीवर गेलं. जाता जाता तिचा उजवा हात घेऊन गेलं असं वाटलं. हात आहे. कोपराच्या वर दोन ठिकाणी मोडलाय, मनगटही. काल सळ्या घातल्या. ती शुद्धीवर आली तेव्हा मी समोर होते. मला म्हणाली, "तुझे पाय कसे आहेत?"



भिंगरी


२६ मार्च

भिंगरे,

हे पत्र मी दोन दिवस लिहितोय. आधी तुझं ऐकून घेतो म्हणून माझं टाळत होतो.

मशीन आपोआप बंद पडणार नाही हे मला कसं माहीत होतं, असं तू विचारलं नाहीस. तुला सुचलं नसेल. मला वाटलं, बरं झालं. पण ते बरं नाही.

प्रत्येक मशीनच्या पोटाखाली एक कळ असते. ड्रम वेडावाकडा हलायला लागला की ती कळ ढकलली जाते आणि वीज तुटते. तीन नंबरची कळ जरा जास्तच नाजूक होती. थोड्या एकांगी चादरी भरल्या तरी मशीन बंद. दिवसातून आठ-दहा वेळा. वरून बोलणी, खालून बोलणी. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका दुपारी मी ती कळ तारेने बांधून टाकली. दोन दिवसांसाठी. नवी कळ मागवली होती. ती आली की नाही, मी विचारलं नाही. मशीन बंद पडायचं थांबलं, सगळे खूष झाले, मला फुलं देऊन निरोप दिला. सात वर्षं झाली.

तू चाळीस पावलं चालत गेलीस म्हणून स्वतःला खातेस. ती चाळीस पावलं तुला चालावी लागली, कारण जे काम त्या कळीने करायचं ते तुझ्यावर आलं होतं. नऊच्या पत्रात मी हे एका ओळीत लिहू शकलो असतो. "कळ बांधलेली आहे, सुपरवायझरला दाखव." ती ओळ दाखवली असतीस तर त्याला मशीन थांबवावंच लागलं असतं. ओळ लिहिली होती. त्या कागदाचा गोळा केला आणि नव्या कागदावर पत्र लिहिलं. तुझ्यापुढे लहान व्हायची भीती वाटली.

तुझी आई गेल्यापासून तू माझ्याकडेच बघत वाढलीस. आता कुठे बघायचं ते तू ठरव.

मामा


१४ एप्रिल

मामा,

एवढे दिवस पत्र लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की हातून फक्त शिव्या येत होत्या. तीन पानं फाडली. चौथं हे.

मी तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही, ठाऊक नाही. पण इथे जे चाललंय ते दुसऱ्या कोणाला लिहू?

चौकशी बसलीय. सुपरवायझरने लिहून दिलंय की शिट्टीने मशीनमध्ये प्रमाणाबाहेर चादरी कोंबल्या. कळीबद्दल एक शब्द नाही. मशीनचा चुरा झालाय, तार कुठे गेली कोणालाच ठाऊक नाही. आज तिला भेटायला गेले तर भिंतीकडे बघत म्हणाली, "कदाचित खरंच जास्त भरल्या असतील गं." इतके जण एकच सांगायला लागले की माणसाला आपलंच खरं आठवेनासं होतं. तिची बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. आणि शिट्टी वाजवत नाही. मी सहज म्हटलं, वाजव की. म्हणाली, ओठ कोरडे पडतात.

मग मी तिला सांगितलं. रेकॉर्डर, निरोप, दुखरे पाय, सगळं. मला वाटलं आता हाकलते. तिने विचारलं, "म्हणजे तुझे पाय दुखतच नव्हते?" म्हटलं, नाही. "मग ते पाण्याचं भांडं दे इकडे, आणि दुसऱ्या मजल्यावरून माझी औषधं आण." नंतर मी निघेपर्यंत माझ्याकडून हमालासारखी कामं करून घेतली. मला त्याने बरं वाटतंय.

घरी आल्यावर माळ्यावरून रेकॉर्डर काढला. गाण्यासाठी मी त्यातले चारच सेकंद कापून घेतले होते. अठ्ठावीस फेब्रुवारीची अख्खी फाइल नऊ मिनिटांची आहे. बाकीची मी कधी ऐकलीच नव्हती, गोंगाट म्हणून सोडून दिली होती. आज ऐकली. सहाव्या मिनिटाला शिट्टीचा आवाज येतो, "साहेब, हा टकटक ऐका ना जरा. काहीतरी सुटलंय." आणि त्याचा, "चालतंय ना? मग चालू दे."

तारीख फाइलवरच आहे. ती पुढे केली की शिट्टी सुटते आणि मी अडकते. माझी चौकशी तेवीसला दुपारी आहे. फाइल नेईन की नाही, आज तरी सांगता येत नाही.

भिंगरी


२० एप्रिल

भिंगरे,

तू फाइल ने किंवा नेऊ नकोस, तो तुझा निर्णय. मी तुला सांगायच्या लायकीचा नाही.

मी येतोय. तेवीसला सकाळी दहाला माझं म्हणणं ऐकतील, तसं मुलीने शहरात जाऊन कळवलंय. कळ कोणी बांधली, कधी, कोणत्या तारेने, सगळं लिहून सही करून आणतोय. डॉक्टर म्हणतात, बसचा प्रवास नको. त्यांना म्हटलं, नको तर नको, पण करतोय.

दुपारची परतीची बस एकच आहे. त्यामुळे तुझी गाठ पडेल न पडेल. हे पत्रही कदाचित माझ्या नंतरच पोचेल. तिथे दिसलोच, तर माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही.

मामा


९ मे

मामा,

दिसलास. तू जिना उतरत होतास, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, काठी भिंतीला टेकवत. मी खाली बाकावर होते. तू बघितलंस, मी बघितलं. मी उठले नाही. तू दोन मिनिटं शेजारी बसलास आणि बससाठी निघून गेलास. नंतर आत काय झालं ते तुला कळलं नसेल, म्हणून लिहितेय.

लांब टेबल, पाच जण. त्यातल्या एक बाई माझ्या आईच्या वयाच्या. तू दिलेला कागद त्यांच्यासमोर होता, तुझं अक्षर मला उलटंही ओळखू आलं. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. तसंच मिटलं. मग बॅगेतून लॅपटॉप काढला, कारण काहीतरी करणं बोलण्यापेक्षा सोपं होतं. हेडफोन घरीच राहिले होते. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरवर लावलं. आधी जानेवारीचा तुकडा, नुसते धपके. मग फेब्रुवारीचा. मग नऊ मिनिटांची अख्खी फाइल. मला वाटलं होतं मध्येच थांबवतील. कोणी हललं नाही. सुपरवायझर कोपऱ्यात बसला होता, सहाव्या मिनिटाला त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. त्या बाई म्हणाल्या, "पुन्हा लावा." पुन्हा लावलं. मग त्यांनी विचारलं, "हे तुम्ही कशासाठी रेकॉर्ड केलं होतं?" मी म्हटलं, "गाण्यासाठी." त्यांनी तसंच लिहून घेतलं.

निकाल परवा आला. शिट्टीवरचा ठपका पुसला, तिचा सगळा उपचार इस्पितळ करणार. सुपरवायझरला लाँड्रीतून काढून दुसरीकडे टाकलंय. उरलेल्या तीन मशीनची पोटं उघडली. त्यातल्या एकाची कळ तारेने बांधलेली निघाली. ती तू नाही बांधलीस, तार नवी होती. नियम मोडला म्हणून मला दोन महिने घरी बसवलंय. तुझ्या कागदाचं काय? तुला कोणी काहीच म्हणालं नाही. निवृत्त माणूस, स्वतःहून आला, म्हणून सोडून दिलं. मला माहीत आहे, तुला हेच जास्त लागेल.

घरी बसून पुन्हा शिकतेय. तीन नंबरचा एकही तुकडा वापरत नाही. ठोका अगदी पहिल्यापासून बनवते, एक साधा सूर घ्यायचा आणि तो झटकन खाली पाडायचा. चौकशी झाल्या दिवसापासून धरलंय, आता कुठे ठोक्यासारखा वाटायला लागलाय. तरी ऐकताना माझं लक्ष ठोक्यात नसतं, दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत असतं. तिथे काही येतंय का, ते ऐकत बसते. ही भीती जाईल असं मला वाटत नाही.

काल शिट्टी आली होती. हात गळ्यात अडकवलेला. म्हणाली, "एवढं रामायण झालं त्या गाण्यापायी, मला एकदाही ऐकवलं नाहीस." मी म्हटलं, ते गाणं पुसलं, नवं आहे, अर्धवट आहे, अजून कच्चं आहे. ती म्हणाली, "लाव."

लावलं. थोडा वेळ मान वाकडी करून ऐकत राहिली. मग खुर्ची मागे सारली आणि उठली. त्या एवढ्याशा खोलीत, एका हाताने, दुसरा हात पोटाशी धरून, ती नाचायला लागली. धड जमत नव्हतं, तोल जात होता, स्वतःलाच हसत होती. मला म्हणाली, "बघतेस काय, आवाज वाढव."

वाढवला. दुसरं बोट मात्र मी पूर्ण वेळ बंद करायच्या बटणावर ठेवलं होतं. पाच मिनिटं. उचललं नाही आणि दाबलंही नाही.

कंबर कशी आहे ते कळव. बसमध्ये फार हादरे बसले असतील.

भिंगरी